पर्सेंटाइलचा आकडा आणि प्रवेशाचे गणित

व्यवस्थापन प्रवेश परीक्षांचे निकाल लागले की ‘एवढ्या पर्सेंटाइलला कोणती संस्था मिळेल’ हा प्रश्न घरोघरी चर्चिला जातो. चेंबूरमध्ये तर या प्रश्नाला अधिकच धार येते. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस (टिस) ही संस्था शेजारच्या देवनारमध्ये आहे. २०२३ मध्ये ‘नीटी’चे रूपांतर होऊन आकाराला आलेले आयआयएम मुंबई पवईत, तर १९६५ मध्ये स्थापन झालेली जमनालाल बजाज संस्था चर्चगेटला आहे. या संस्था जवळ असल्या, तरी तेथील प्रवेशाची शक्यता केवळ पर्सेंटाइलवरून जोखणे फसवे ठरते.

पर्सेंटाइल म्हणजे टक्केवारी नव्हे, तर परीक्षार्थींमधील स्थान. २०२४ ची कॅट सुमारे २ लाख ९३ हजार उमेदवारांनी दिली. म्हणजे ९९ पर्सेंटाइल मिळवणाऱ्याच्या पुढे सुमारे २,९०० जण होते आणि ९८ वर असलेल्याच्या पुढे सुमारे ५,८००. एका अंकाचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. रांगेत मात्र तो हजारोंचा असतो.

शिवाय ही रांग सर्वत्र सारखी नसते. अहमदाबादच्या आयआयएमने गेल्या काही वर्षांत मुलाखतीची यादी करताना कॅटला ६५ टक्के, तर दहावी, बारावी, पदवी आणि कामाचा अनुभव यांवर आधारित मूल्यांकनाला ३५ टक्के भार दिला आहे. दहावीत मागे पडलेल्या विद्यार्थ्याला ती उणीव कॅटमधूनच भरून काढावी लागते, कारण दहावी काही पुन्हा देता येत नाही. संस्थांनी जाहीर केलेले किमान पर्सेंटाइल ही केवळ पात्रतेची अट असते. मुलाखतीचे बोलावणे प्रत्यक्षात कितीतरी वरच्या आकड्यावर थांबते.

राज्याच्या सीईटीचा हिशेब याहून निराळा. तेथे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत गुणवत्ता क्रमांकच निर्णायक असतो, मुलाखत नसते. जमनालाल बजाजमधील बहुतांश जागा महाराष्ट्रातील उमेदवारांसाठी असल्या, तरी खुल्या प्रवर्गाला तेथे साधारणतः ९९.९ पर्सेंटाइलच्या आसपास किंवा त्याहून वर जावे लागते. टिसच्या मनुष्यबळ व्यवस्थापन अभ्यासक्रमासाठी पूर्वी ‘टिसनेट’ ही स्वतंत्र परीक्षा होती. २०२४ च्या कॅटपासून मात्र त्यासाठी कॅटचे गुण ग्राह्य धरले जाऊ लागले. जुन्या टिसनेटच्या कटऑफवरून आजचा अंदाज बांधणे त्यामुळे व्यर्थ आहे.

आरक्षणाच्या बाबतीतही अनेकांची गफलत होते. मराठा समाजाला २०२४ च्या राज्य कायद्याने दिलेले १० टक्के एसईबीसी आरक्षण आयआयएमसारख्या केंद्रीय संस्थांत लागू होत नाही. तेथे निकष पूर्ण करणाऱ्या उमेदवाराला आर्थिक दुर्बल घटकाचा पर्याय असतो. ओबीसी उमेदवाराची जात केंद्राच्या यादीत असावी लागते आणि प्रमाणपत्रही केंद्रीय नमुन्यातील लागते. एकच विद्यार्थी सीईटीत एका रांगेत आणि कॅटमध्ये दुसऱ्याच रांगेत उभा असतो, तो असा.

हे सारे मुलाखतीच्या तोंडावर कळले, तर उपयोग नाही. नोकरी सोडून वर्षभर तयारी करायची का, शिकवणीची फी भरायची का, कर्ज किती काढायचे, हे निर्णय त्यापूर्वीच झालेले असतात. अहमदाबादच्या दोन वर्षांच्या शुल्कासाठी २५ लाखांहून अधिक रक्कम लागते. जमनालाल बजाज किंवा टिसमध्ये ती बरीच कमी असते. कर्ज काढणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबासाठी हा फरक नगण्य नाही.

शिकवणी वर्गांच्या फलकांवर यशस्वी विद्यार्थ्यांची छायाचित्रे असतात. प्रयत्न किती जणांनी केला, हे तेथे लिहिलेले नसते. अर्ज भरण्यापूर्वी प्रत्येक संस्थेचे प्रवेश धोरण वाचून दहावीपासूनचे आपले गुण, प्रवर्ग आणि अनुभव त्या सूत्रात बसवून पाहणे, ही अंदाजाची खरी पद्धत. त्यातून येणारे उत्तर नेहमीच सुखावणारे नसेल. पण वर्ष आणि पैसा पणाला लावण्यापूर्वी ते हाती असलेले बरे.