किमान एक खेळाडू

हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या तरुणाला महाविद्यालयीन बास्केटबॉल प्रशिक्षक व्हायचे असेल, तर त्याने काय करावे? सर्वांत व्यवहारी सल्ला असा की, त्याने इच्छा बदलावी. कारण ते पदच अस्तित्वात नाही. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ, कुठल्याही तालुक्यात जा. अनुदानित महाविद्यालयात खेळाच्या नावाने मंजूर असलेले पद एकच असते, शारीरिक शिक्षण संचालकाचे. मुले त्याला 'पी.डी. सर' म्हणतात. कबड्डी त्याची, खो-खो त्याचा, कुस्ती त्याची, बुद्धिबळही त्याचेच. बास्केटबॉल या यादीत कुठेतरी मध्ये असतो आणि बहुधा तिथेच राहतो.

या पी.डी. सरांचे वर्ष कसे जाते ते पाहावे. 21 जूनला योग दिन, 15 ऑगस्टला ध्वजवंदनाची रांग, 29 ऑगस्टला राष्ट्रीय क्रीडा दिन. मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा हंगाम. पात्रता अर्ज, ओळखपत्रे, प्रवासभत्ता, ट्रॅकसूट, आणि आदल्या रात्री 'घरचे पाठवत नाहीत' म्हणून गळालेल्या मुलाच्या जागी बदली खेळाडू. उरलेल्या काळात शिस्त समिती, स्नेहसंमेलन, नॅकच्या फायली आणि निवडणूक आली की निवडणुकीचे काम. या सगळ्यातून वेळ काढून कोणी एखाद्या पोराला डाव्या हाताने ड्रिबल करायला शिकवलेच, तर तो त्याच्या नोकरीचा भाग नव्हे. त्याचा छंद समजावा. असा छंद जोपासणारे संचालक मराठवाड्यात आहेत, म्हणून तर थोडेफार खेळाडू निघतात. पण एखादा खेळ सज्जनांच्या छंदावर किती वर्षे चालणार?

दोष माणसांचा नाही, नियमांचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत या पदाला काय लागते? शारीरिक शिक्षणाची पदव्युत्तर पदवी, तीही 55 टक्क्यांची. नेट किंवा पीएच.डी.; स्वतः विद्यापीठ वा महाविद्यालयाकडून खेळल्याचा दाखला; आणि शारीरिक क्षमता चाचणी. तिशीपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने 12 मिनिटांत 1800 मीटर धावून वा चालून दाखवायचे. म्हणजे उमेदवार किती शिकला, काय खेळला आणि किती पळतो, हे सगळे तपासले जाते. त्याने कोणाला खेळायला शिकवले आहे का, एवढे मात्र दाराशी कोणी विचारत नाही. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था 1961 पासून प्रशिक्षक घडवते. तिथली बास्केटबॉलची पदविका घेऊन आलेल्या माणसाला केवळ त्या बळावर महाविद्यालयात जागा नाही. आशियाई किंवा राष्ट्रकुल स्पर्धेतल्या पदकविजेत्याला मात्र पदव्युत्तर पदवी असली की नियमाने वेगळी वाट काढून दिली आहे. पदक जिंकणाऱ्याला वाट आहे, पदक जिंकायला शिकवणाऱ्याला नाही.

आत शिरल्यावर पुढची पायरी पदोन्नतीची. तिथल्या मूल्यमापनाच्या तक्त्यात हजेरी आहे, स्पर्धांचे आयोजन आहे, शिबिरे आहेत, कार्यशाळा आहेत, शोधनिबंध आहे, प्रशासनाला साहाय्य आहे. खेळाडू घडवण्यालाही एक ओळ दिलेली आहे : संस्थेचा किमान एक विद्यार्थी विद्यापीठ, राज्य किंवा राष्ट्रीय संघात असावा. किमान एक! बास्केटबॉलला मैदानावर पाच लागतात आणि संघात बारा. एक उंच मुलगा नशिबाने प्रवेश घेऊन गेला आणि विद्यापीठाच्या संघात निवडला गेला, तर ही ओळ पूर्ण होते. बारा मुलांना तीन वर्षे पहाटे मैदानावर उतरवले आणि त्यांतला एकही निवडला गेला नाही, तर या ओळीपुरते ते श्रम शून्य. आता ज्याला संसार आहे आणि पुढची वेतनश्रेणी हवी आहे, तो माणूस पहाटे मैदान गाठेल की शोधनिबंध लिहील? त्याने निबंध लिहिला तर त्याला दोष देता येणार नाही.

गंमत अशी की, बास्केटबॉलचा जनकच अशा पी.डी. सरांपैकी एक होता. जेम्स नेस्मिथ हा शारीरिक शिक्षणाचा शिक्षक. डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्ड इथल्या वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण शाळेत, हिवाळ्यात कोंडून कंटाळलेल्या विद्यार्थ्यांसाठी त्याने दहा फुटांवर पीचच्या टोपल्या टांगल्या आणि खेळ सुरू केला. 1898 मध्ये तो कॅन्सस विद्यापीठात गेला आणि तिथे संघही सांभाळू लागला. हा खेळ शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो, असे त्याचे मत होते म्हणतात. निकालही तसेच लागले : 55 विजय, 60 पराभव. कॅन्ससच्या प्रशिक्षकांत विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला एकटा तोच, खेळाचा जनक! त्याच्याच हाताखाली खेळलेल्या फॉग ॲलनने उलटे मानले. हा खेळ शिकवता येतो आणि शिकवणे हाच माणसाचा पूर्णवेळ धंदा होऊ शकतो, असे धरून तो त्याच विद्यापीठात एकूण 39 हंगाम प्रशिक्षक राहिला. त्याच्याकडे खेळलेले अडॉल्फ रप आणि डीन स्मिथ पुढे केंटकी आणि नॉर्थ कॅरोलिनाचे प्रशिक्षक झाले आणि दोघांनीही प्रत्येकी आठशेहून अधिक सामने जिंकून दिले. खेळाडूंची परंपरा प्रशिक्षकांच्या परंपरेवर उभी राहते ती अशी. तिकडे नंतर या धंद्यात जो पैशांचा पूर आला, तो आपल्याला नको. पण नेस्मिथ आणि ॲलन ही दोन वेगळी कामे आहेत, एवढे तरी ओळखायला हवे. आपण सव्वाशे वर्षांनंतरही फक्त नेस्मिथचीच जाहिरात काढतो.

महाराष्ट्रात हे ओळखले गेले ते महाविद्यालयांबाहेर. मुंबईच्या नागपाड्यात 1920 च्या दशकात अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी नागपाडा नेबरहूड हाउस सुरू केले. या वस्तीत गरीब घरांतल्या पोरांच्या हाती बास्केटबॉल आला आणि तिथून भारतीय संघाला खेळाडू मिळत गेले. 1970 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळालेले आणि भारताचे कर्णधार राहिलेले अब्बास मुन्तसिर नागपाड्याचेच. तिथल्या महापालिकेच्या मैदानाला नाव आहे ते बच्चू खान यांचे, म्हणजे एका प्रशिक्षकाचे. नागपाडा लांब वाटत असेल तर धाराशिव पाहावे. तिथे चंद्रजित जाधव यांनी वर्षानुवर्षे खो-खोचे संघ घडवले, आणि त्यांच्या शिष्या सारिका काळे 2020 मध्ये अर्जुन पुरस्कारापर्यंत पोहोचल्या. मराठवाड्याच्या मातीत दम नाही, ही तक्रार त्यामुळे बाद ठरते. एक खेळ, एक माणूस आणि पुष्कळ वर्षे, एवढे जिथे जमले तिथे खेळाडू झाले.

हिंगोलीत नेमकी ही वर्षेच मिळत नाहीत. गावाकडून आलेला मुलगा अठराव्या वर्षी पहिल्यांदा बास्केटबॉल हातात घेतो. पदवीची तीन वर्षे, नव्या धोरणात फार तर चार. त्यात चेंडू बाहेर निघतो तो आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर आल्यावर. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या पसाऱ्यात नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली असे चार जिल्हे. त्यांतून निवड, मग थोड्या दिवसांचे शिबिर, आणि लगेच पश्चिम विभागाची स्पर्धा किंवा राज्यातल्या विद्यापीठांचा 'अश्वमेध' क्रीडा महोत्सव. समोर पुण्या-मुंबईची अशी मुले, ज्यांनी दहाव्या वर्षापासून क्लबात ले-अप घोटलेला असतो. निकाल सामन्याआधीच ठरलेला. मग अहवालात लिहायचे, 'संघाने सहभाग नोंदवला.' ते खोटेही नसते.

त्यात आहे ती एक खुर्चीही अनेकदा रिकामी. राज्य सरकारने नोव्हेंबर 2018 मध्ये रखडलेल्या भरतीला मान्यता दिली तेव्हा राज्यभरासाठी सहायक प्राध्यापकांची 3580 पदे निघाली आणि शारीरिक शिक्षण संचालकांची 139. रिकाम्या वर्गावर तासिका तत्त्वावर प्राध्यापक नेमून वेळ मारून नेता येते. रिकाम्या मैदानावर तेही जमत नाही, कारण पहाटेचा सराव, संध्याकाळचा सामना आणि परगावचा दौरा कुठल्या तासिकेत बसवणार? मग जिमखान्याची किल्ली भूगोलाच्या किंवा मराठीच्या सरांकडे जाते आणि ते बिचारे मोडलेल्या बॅटींचा हिशेब ठेवतात.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. हिंगोलीच्या मुलाला बास्केटबॉल हवाय कशाला? त्याला नोकरी हवी आहे. राज्य राखीव पोलीस बलाचा 12 क्रमांकाचा गट हिंगोलीतच आहे. भरती जाहीर झाली की मैदाने पहाटेपासून भरतात. पोलीस शिपायासाठी मुलांना 1600 मीटर आणि 100 मीटर धाव आणि गोळाफेक, राखीव दलासाठी पाच किलोमीटर. ही मुले मैदानावर येतात ती पोटासाठी, आणि त्यांना बाजूला सारून कोणी रिंग उभारा असे म्हणत नाही. पण त्यांच्याकडे पाहिले की एक गोष्ट लक्षात येते : मुलांत कष्टाची तयारी आहे, पहाटे उठण्याची शिस्त आहे, फक्त शिकवणारा माणूस नाही. भरतीचा सरावही ती एकमेकांचे पाहून किंवा खासगी अकादमीचे शुल्क भरून करतात. शिवाय सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहेच. ते राष्ट्रीय, राज्य पातळीवर चमकलेल्यांसाठी. 'सहभाग नोंदवला' म्हणणाऱ्यांसाठी नव्हे. प्रशिक्षक नसलेल्या जिल्ह्याला या पाच टक्क्यांत वाटा मिळणे अवघड, म्हणजे हा प्रश्नही शेवटी पोटाचाच आहे.

उपाय फार मोठे नाहीत. प्रत्येक महाविद्यालयाने सगळे खेळ खेळण्याचा हट्ट सोडावा. वसमतने एक खेळ घ्यावा, कळमनुरीने दुसरा, सेनगावने तिसरा. बास्केटबॉल एकाच ठिकाणी ठेवावा, पण पक्का ठेवावा. त्या खेळासाठी चार-पाच महाविद्यालयांनी मिळून पतियाळाची पदविका असलेला प्रशिक्षक नेमावा. त्याचा करार तासिकांवर नको, निदान पाच वर्षांचा हवा. संध्याकाळी ते मैदान शाळकरी मुलांना उघडे असावे, म्हणजे अठराव्या वर्षी सुरू होणारा खेळ दहाव्या वर्षी सुरू होईल. नव्या अभ्यासक्रमात क्रीडेला सहअभ्यासक्रम म्हणून श्रेयांक मिळतातच, तर ते खेळाच्या लेखी परीक्षेपेक्षा मैदानावर मिळवू द्यावेत. आणि अनुदान आयोगाने तक्त्यातली ती 'किमान एक' ची ओळ बदलून तीन वर्षांत किती मुले नियमित खेळली, किती टिकली, हे विचारावे.

शेवटची सूचना आयोगाकडे जाईल आणि तिथे निवांत पडेल, हे आम्ही जाणतो. बाकीच्यांसाठी मात्र मुंबई-दिल्लीकडे तोंड करून बसण्याचे कारण नाही. महाविद्यालये दर वर्षी प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्यांकडून जिमखाना शुल्क घेतात. ते किती जमले, ट्रॅकसूटवर किती गेले, प्रवासभत्त्यावर किती आणि खेळ शिकवण्यावर किती, याचा हिशेब प्राचार्यांनी सूचनाफलकावर लावावा. शेवटच्या रकान्यात शून्य निघाले, तर प्रशिक्षकासाठी पैसा नाही ही सबब तिथेच संपते, आणि प्रश्न फक्त इच्छेचा उरतो.