विश्लेषण : बुरशीच्या विकरांचे ‘शुद्धीकरण’ कितपत शुद्ध?

पाचक औषधाच्या बाटलीवर ‘फंगल डायस्टेज (१:१२००)’ असे छापलेले आढळते. पिष्टमय अन्नाचे विघटन करणारे हे विकर, म्हणजे एन्झाइम, बुरशीपासून मिळवतात. एक भाग विकर ठरलेल्या चाचणीत किती भाग स्टार्च पचवते, हे कंसातला आकडा सांगतो. त्या भुकटीत आणखी काय आहे, हे मात्र त्यावरून कळत नाही.

पद्धत किती जुनी?

फ्रान्समध्ये १८३३ साली पायाँ आणि पर्सो यांनी माल्टच्या अर्कात अल्कोहोल ओतून डायस्टेज वेगळे केले. बुरशीला हीच युक्ती लावली ती अमेरिकेत स्थायिक झालेल्या जोकिची ताकामिने या जपानी रसायनतज्ज्ञाने. साके या मद्यासाठी वापरली जाणारी ‘अ‍ॅस्परजिलस ओरायझी’ ही बुरशी त्याने गव्हाच्या कोंड्यावर वाढवली, विकर पाण्यात उतरवले आणि अल्कोहोलने त्याचा साका पाडला. पेटंट मिळाले १८९४ मध्ये. पार्क-डेव्हिस कंपनीने ते ‘टाका-डायस्टेज’ या नावाने विकले.

द्रावक नेमके काय करते?

सॉल्व्हंट म्हटले की आपल्याकडे सोयाबीनचे तेल काढणारे कारखाने आठवतात. तिथे हेक्झेन तेल विरघळवून बाहेर काढते. इथे उलटे घडते. विकर हे प्रथिन असल्याने पाण्यात सुखाने असते. पाण्याचे रेणू त्याच्याभोवती वेढा घालून असतात. अ‍ॅसिटोन किंवा इथेनॉल ओतले की हा वेढा सुटतो आणि प्रथिनांचे रेणू एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. हे काम शून्य अंशाच्या आसपास करावे लागते. उष्णता वाढली तर प्रथिनाची घडी उलगडते. साका मिळतो, पण तो कामाचा उरत नाही.

मग अडचण कुठे?

अ‍ॅसिटोन फारसा भेदभाव करत नाही. बुरशीच्या अर्कात अमायलेजबरोबर प्रोटिएज आणि इतर अनेक प्रथिने असतात. त्यांतील बरीचशी त्याच साक्यात येतात. द्रावकाचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवून थोडी निवड साधते, तरीही या पायरीवर होते ते प्रामुख्याने संहतीकरण. त्याला सरसकट ‘शुद्धीकरण’ म्हणणे हे विक्रीचे मराठी झाले. खरी शुद्धता दर मिलिग्रॅम प्रथिनामागे विकराची क्रियाशीलता किती, यावर मोजतात. पाचक गोळीला किंवा पावाच्या पिठाला एवढी शुद्धता पुरते, हे मान्यच. रोगनिदानाच्या किटमध्ये किंवा संशोधनात ती पुरत नाही. तिथे पुढे क्रोमॅटोग्राफी लागते आणि खर्च कैक पटींनी वाढतो. म्हणूनच कोणत्या पायरीपर्यंतचा माल आहे, हे उत्पादकाने खरेदीदाराला स्पष्ट सांगायला हवे. आज बहुतेक भर क्रियाशीलतेच्या आकड्यावर असतो.

धोका कोणाला?

औषधातील उरलेल्या अ‍ॅसिटोनची चर्चा जास्त होते. प्रत्यक्षात ते कमी विषारी द्रावकांच्या वर्गात मोडते आणि औषधांसाठी त्याची सर्वसाधारण मर्यादा दशलक्ष भागांत ५,००० इतकी आहे. काळजी करायची ती कारखान्यातल्या माणसाची. अ‍ॅसिटोनची वाफ उणे २० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, त्यामुळे टाकी थंड आहे म्हणून ती सुरक्षित ठरत नाही. आणि साका वाळवून केलेली बारीक भुकटी श्वासातून आत गेली तर अ‍ॅलर्जी जडू शकते. बेकरी कामगारांना होणाऱ्या दम्याच्या कारणांत पिठात मिसळलेल्या बुरशीजन्य अमायलेजची नोंद आहे. ग्राहकाच्या गोळीपेक्षा पोते रिकामे करणाऱ्याच्या मास्कचा प्रश्न म्हणूनच मोठा आहे.

पर्याय आहेत का?

आहेत. गाळण-पडद्यांनी अर्क दाट करण्याची अल्ट्राफिल्ट्रेशन पद्धत उद्योगात रुळली आहे. स्वीडनच्या पेर-ऑके अल्बर्टसन यांनी १९५०च्या दशकात विकसित केलेल्या द्विस्तरीय पद्धतीत दोन्ही थर पाण्याचेच असतात, त्यामुळे आगीचा धोका नाही. पॉलिएथिलिन ग्लायकॉल आणि फॉस्फेट मिसळले की थर वेगळे होतात आणि विकर त्यांपैकी एकात जास्त जाते. या पद्धतीला सर्रास ‘हरित’ म्हटले जाते. पण वापरलेले फॉस्फेट प्रक्रिया न करता नाल्यात सोडले तर पाण्यात शेवाळ माजते. अ‍ॅसिटोन निदान ५६ अंशांना उकळते. ऊर्ध्वपातन करून ते पुन्हा वापरता येते. क्षारांचे द्रावण असे सहज परत मिळत नाही.