बोट आहे, इंजिन आहे. पण पंखा कोणता?

पावसाळा जवळ आला की जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठका होतात. रबरी बोटी किती, लाइफ जॅकेट किती, इंजिने किती अश्वशक्तीची याचा आढावा घेतला जातो. इंजिनाच्या शेपटाला बसवलेल्या प्रोपेलरची, म्हणजे बोलीभाषेतल्या पंख्याची, चौकशी मात्र क्वचितच होते. वास्तविक इंजिनाची सगळी ताकद पाण्यापर्यंत पोहोचते ती याच वीतभर पंख्यातून. तो चुकीचा असेल तर ४० अश्वशक्तीचे इंजिनही भरलेली बोट प्रवाहाविरुद्ध रेटू शकत नाही.

खान्देशात हा प्रश्न का महत्त्वाचा?

हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडू लागले की भुसावळपासून खाली तापीकाठच्या गावांना इशारे जातात. गिरणा, वाघूर, पांझरा, अनेर या नद्या एरवी कोरड्या दिसतात आणि काही तासांत दुथडी भरतात. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर आणि डोंगरी नद्यांचे पाणी चाळीसगाव शहरात शिरले, तेव्हा तालुक्याने हे अनुभवले. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळ्यात आहे. ती केवळ खान्देशातच नव्हे, शेजारच्या जिल्ह्यांतही धावून जाते. २३ मे २०२४ रोजी अकोले तालुक्यातील सुगाव येथे प्रवरा नदीत बुडालेल्यांचा शोध घेताना या तुकडीची बोट उलटली आणि तीन जवानांचा मृत्यू झाला. त्या दुर्घटनेचे खापर पंख्यावर फोडण्याचा येथे हेतू नाही. पण दुसऱ्याचा जीव वाचवायला जाणाऱ्याच्या हातातले प्रत्येक साधन पारखलेले असावे, एवढे तरी त्या घटनेने शिकवायला हवे.

पंख्यावरच्या आकड्यांचा अर्थ काय?

पंख्यावर साधारणतः दोन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ १० × १२. पहिला आकडा व्यास, दुसरा ‘पिच’, दोन्ही इंचांत. स्क्रू लाकडात फिरवला की प्रत्येक फेऱ्याला ठरावीक अंतर आत जातो. तसाच पंखा एका फेऱ्यात पाण्यातून सिद्धान्ततः जितके पुढे जाईल, तितका त्याचा पिच. पाणी लाकडासारखे घट्ट नसल्याने प्रत्यक्षात तो थोडा घसरतो. रबरी बोटीत ही घसर १० ते २० टक्के किंवा त्याहून अधिक असू शकते.

हिशेब सोपा आहे. इंजिन मिनिटाला ५,५०० फेरे घेत असेल आणि गिअरचे प्रमाण दोनास एक असेल, तर पंखा २,७५० फेरे घेतो. पिच १० इंच असल्यास सैद्धान्तिक वेग ताशी सुमारे ४२ किलोमीटर येतो. २० टक्के घसर धरली तर साडेतेहतीसच्या आसपास. पिच वाढवला की कागदावर वेग वाढतो. पण तो पंखा फिरवायला इंजिनाला अधिक जोर लावावा लागतो. सायकल मोठ्या गिअरमध्ये टाकून घाट चढण्यासारखेच ते आहे.

मग योग्य पिच ठरवायचा कसा?

प्रत्येक इंजिनाच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला किती फेरे असावेत याची मर्यादा दिलेली असते. समजा ती ५,००० ते ६,००० आहे. नवी बोट आली, दोन जण बसले आणि चाचणी घेतली. फेरे ५,७०० भरले. सगळे समाधानी. त्याच बोटीत पुराच्या वेळी तीन जवान, सुटका केलेली पाच-सहा माणसे आणि सामान आले की फेरे ४,७०० वर उतरतात. इंजिन गुदमरते, बोटीचे नाक वर राहते, ती पाण्यावर तरंगत धावत नाही. तिचा वेग ताशी १२ किलोमीटरवर आला आणि समोरचा प्रवाह १० चा असला, तर काठाच्या दृष्टीने ती तासाला दोनच किलोमीटर सरकते.

ढोबळ नियम असा की पिच एक इंचाने कमी केला तर फेरे सुमारे १५० ते २०० ने वाढतात. वरच्या उदाहरणात तीन इंच कमी पिचचा पंखा लावला, तर भरलेल्या बोटीत इंजिन पुन्हा मर्यादेत येते. त्याची किंमतही आहे. रिकामी बोट पूर्ण थ्रॉटलवर मर्यादेबाहेर फिरू लागेल, म्हणून परतीच्या फेरीत चालकाने हात आवरता घ्यावा लागेल. सहलीच्या बोटीसाठी कदाचित मधला पंखा बरा. बचावाच्या बोटीसाठी मात्र निवड भरलेल्या बोटीनेच व्हायला हवी. चार पात्यांचा पंखा कमी वेगात आणि जड ओझ्याखाली पाण्याला चांगला धरतो, हाही पर्याय तपासण्यासारखा आहे.

धातू कोणता घ्यावा?

स्टीलचा पंखा मजबूत असतो आणि कमी वाकतो. परंतु दगडावर आपटल्यावर तो धक्का थेट गिअरपर्यंत पोहोचू शकतो. ॲल्युमिनियमचे पाते वाकते, तुटते, पण ते स्वस्तात बदलता येते. आपल्या नद्यांच्या पुरात खडक, बुडालेले कुंपण, विजेच्या तारा, पऱ्हाटी, केळीची खोडे आणि शेतातून वाहून आलेल्या ठिबकच्या नळ्या असे सगळे असते. नळी किंवा दोरी पंख्याच्या दांड्याला गुंडाळली की भर प्रवाहात इंजिन बंद पडते. त्यामुळे बोटीत ॲल्युमिनियमचे दोन पंखे, सुटे नट-पिना, पाना आणि धारदार सुरी असलीच पाहिजे. इंजिन फिरते पण बोट हलत नाही, असे झाले तर पंख्यातला रबरी बुश निसटला असण्याची शक्यता असते. बुश आणि पंख्यावर रंगाची एक सरळ रेघ आधीच ओढून ठेवली, तर ती तुटलेली दिसताच दोष कळतो.

पंखा योग्य असला म्हणजे झाले का?

नाही. इंजिनाच्या पायावर पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. ती बोटीच्या तळाशी साधारण समपातळीत हवी. इंजिन फार वर बसले तर पंखा पृष्ठभागावरची हवा ओढतो, फेरे एकदम चढतात आणि जोर संपतो. खूप खाली बसले तर ओढ वाढते आणि खडकाचा धोकाही. बंधाऱ्याखालच्या फेसाळ पाण्यातही असेच होते. त्या पाण्यात हवा मिसळलेली असल्याने कोणताही पंखा नीट पकड घेत नाही. शिवाय तिथले पाणी वस्तूला बंधाऱ्याकडेच मागे ओढते. गिरणेवरचे कोल्हापुरी बंधारे असोत वा पांझरेवरचे फड पद्धतीचे जुने बंधारे, त्यांच्या पायथ्यापासून दूर राहणे हाच उपाय. तिथे महाग पंखा कामाला येत नाही.

दुसरा मुद्दा पाण्यातल्या माणसाचा. उघडे पाते क्षणात हात-पाय कापते. पंख्याभोवती जाळीचे कडे बसवले तर जोर थोडा कमी होतो आणि कचरा अडकू शकतो, पण बुडणाऱ्याला जवळ घेणाऱ्या बोटीसाठी हा सौदा विचारात घ्यावा असा आहे. कडे असो वा नसो, माणूस हाताच्या अंतरावर आला की इंजिन बंदच हवे. चालकाच्या मनगटाला किंवा जॅकेटला बांधायची दोरीही सक्तीची. तो पाण्यात पडला की इंजिन आपोआप थांबते.

प्रशासनाने काय करावे?

यासाठी मोठा निधी लागत नाही. नवे इंजिन घेण्यापेक्षा पंखा बदलणे कितीतरी स्वस्त आहे. गरज आहे ती तीन आकड्यांच्या नोंदीची. प्रत्येक बोटीच्या वहीत पंख्याचा व्यास-पिच, पूर्ण भारासह पूर्ण थ्रॉटलला मिळालेले फेरे आणि त्या वेळचा वेग लिहिलेला असावा. ही चाचणी दरवर्षी मेअखेर, वाळूच्या गोण्या भरून, धरणाच्या स्थिर पाण्यात घ्यावी. तीत नापास झालेली बोट पंखा बदलेपर्यंत उपलब्ध साधनांच्या यादीत धरू नये. निविदेतही केवळ अश्वशक्ती न लिहिता ‘इतक्या किलो भारासह इंजिन इतक्या फेऱ्यांच्या मर्यादेत चालले पाहिजे’ अशी अट घालावी. म्हणजे योग्य पंखा देण्याची जबाबदारी पुरवठादारावर येईल.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटून अनेकांचा जीव गेला. त्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे चढली होती. पुरात घाबरलेल्या माणसांना मोजून बसवणे अवघड असते, हे खरे. म्हणूनच बोटीची मर्यादा चालकाला आधीपासून आकड्यांत माहीत असली पाहिजे. पाणी चढू लागल्यावर ती शोधत बसायला वेळ मिळत नाही.