लष्करांतून परतलेल्या शिपायाचें घर

लष्करांतील नोकरी पुरी करून परतलेल्या शिपायाच्या घराचा विचार शेतकीच्या मासिकांत कशास हवा, असें कित्येक वाचकांस वाटेल. परंतु आपल्या प्रांतांतील शिपाई हा बहुतांशीं शेतकऱ्याचाच मुलगा असतो. सातारा जिल्ह्यांतील मिलिटरी अपशिंगे ह्या एका गांवचे ४६ जवान पहिल्या महायुद्धांत कामास आले. शिरोळ तालुक्यांतील एका गांवास तर सैनिक टाकळी असेंच नांव पडलें आहे. थोरल्यानें नांगर धरावा आणि धाकट्यानें बंदूक घ्यावी, ही वाटणी आमच्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. नांगराचा हिशेब आपण नीट ठेवतों. बंदूक खालीं ठेवून आलेल्यानें राहावें कोठें, हा हिशेब मात्र कोणीं ठेवलेला दिसत नाहीं.

शिपाई म्हातारा होऊन परत येत नाहीं, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घ्यावी. पंधरा वर्षांच्या सेवेनें त्यास निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो, आणि पस्तीस-चाळीसच्या सुमारास तो घरीं येतो. मुलें शाळेंत असतात, अंगांत कष्टाची ताकद असते, आणि सरकारी क्वार्टर तर नोकरीबरोबरच सुटलेलें असतें.

आमच्या गांवांतील नाईक हुद्द्याच्या एका जवानाची हकीकत सांगतों. सतरा वर्षांनीं तो परतला, तेव्हां वडिलोपार्जित घराच्या तीन खणांपैकीं एकांत थोरल्या भावाचा संसार, दुसऱ्यांत पुतण्याचा, आणि तिसऱ्यांत खताचीं पोतीं व फवारणीचे पंप होते. परड्यांत ट्रॅक्टरची शेड उभी राहिली होती. ह्यांत थोरल्याचा दुष्टावा होता असें नाहीं. सतरा वर्षांत वापर वाढत गेला आणि हक्क कोणीं लिहून ठेवला नाहीं, इतकेंच. सातबाऱ्यावर धाकट्याचें नांव होतें, परंतु गांवठाणांतील घराच्या उताऱ्यावर तें कधींच चढलें नव्हतें. भावावर दावा लावण्यापेक्षां त्यानें तालुक्याच्या गांवीं दोन खोल्या भाड्यानें घेतल्या. आज त्याची दीड एकर बागाईत वाट्यानें दिलेली आहे, आणि जो मनुष्य पहाटे चारला उठून पाण्याची पाळी धरूं शकला असता तो एका कारखान्याच्या फाटकावर रात्रीचा पहारा करतो.

त्यानें आमच्याकडेही गांवठाणालगतची जागा रास्त किंमतीस मागितली होती. आम्हीं ती दिली नाहीं. रस्ता रुंद झाला म्हणजे भाव चढेल हा हिशेब मनांत होता. तो येथें लपविण्यांत अर्थ नाहीं.

सरकार व सेनादलें कांहींच करीत नाहींत असें म्हणणें अन्यायाचें होईल. जवानांसाठीं घरें बांधणारी आर्मी वेल्फेअर हाउसिंग ऑर्गनायझेशन ही संस्था १९७८ सालीं निघाली. परंतु तिच्या इमारती शहरांतून आहेत, आणि शहरांतील तिसऱ्या मजल्यावर राहून कोणास शेत कसतां येत नाहीं. इंदिरा आवास योजनेंत १९९५-९६ पासून माजी सैनिकांस उत्पन्नाची अट न लावतां घेण्याची तरतूद झाली होती. २०१६ सालीं तिच्या जागीं प्रधानमंत्री आवास योजना आली, तिच्या निकषांत मासिक उत्पन्नाची मर्यादा आहे; निवृत्तिवेतन घेणारा शिपाई बहुधा त्या मर्यादेबाहेरच पडतो. राज्य सरकारनें २०२० सालीं माजी सैनिकांस घरपट्टी माफ केली, हें चांगलेंच केलें. परंतु ज्याचें घरच नाहीं त्यास ही माफी काय उपयोगाची?

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, ह्या प्रश्नाची किल्ली मुंबई-दिल्लीपेक्षां गांवठाणाच्या कडेला जमीन असणाऱ्या आपल्यासारख्या खातेदारांच्या हातांत अधिक आहे. १९६६ च्या महसूल अधिनियमाच्या कलम १२२ प्रमाणें गांवठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांस आहे. ग्रामपंचायतीनें ठराव करून विस्ताराची मागणी करावी. त्याच अधिनियमाच्या कलम ४२-ड नें हद्दीपासून २०० मीटरच्या आंतील जमीन बिनशेती करून घेणें पूर्वीपेक्षां पुष्कळ सोपें झालें आहे. लहान तुकड्याच्या खरेदीस १९४७ चा तुकडेबंदी कायदा आड येऊं शकतो, म्हणून कागद आधीं दुय्यम निबंधकास दाखवून घ्यावा. आणि ज्या घरांतील मुलगा सध्यां सरहद्दीवर आहे, त्या घरानें तो रजेवर येईल तेव्हांच वाटणीपत्रांत त्याचा खण अथवा परडें नांवानिशीं लिहावें. लग्नाच्या याद्या करावयास आपणांस सवड होते. ह्यास एक दुपार पुरे.

जखमी होऊन आलेल्याची अडचण आणखी निराळी आहे. पाठीच्या कण्यास इजा झालेल्या जवानांसाठीं पुण्याजवळ खडकी येथें १९७४ पासून पुनर्वसन केंद्र चालूं आहे. चाकांच्या खुर्चीवर बसणारा तेथील एखादा जवान उद्यां गांवीं आला, तर आपल्या जुन्या घराचा वीतभर उंच उंबरा, दगडी पायऱ्या आणि परड्यांतील शौचकूप त्याला घरांत शिरूं तरी देतील काय? असें घर एकमजली, बिनउंबऱ्याचें व रुंद दारांचें असावें. जोत्याच्या वेळींच विचार केल्यास ह्यास फारसा जादा खर्च पडत नाहीं.

ही निकड आतां वाढणार आहे. २०२२ पासून शिपायांची भरती अग्निपथ योजनेनें होते. चार वर्षांनंतर फार तर चतुर्थांश जवान कायम होतात. बाकीचे पंचविशीच्या आंतबाहेर घरीं येतात. त्यांस सुमारें पावणेबारा लाखांचा सेवानिधि मिळतो. निवृत्तिवेतन नाहीं, आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाहीं, त्यामुळें त्या दर्जावरील सवलतींवर त्यांस हक्क सांगतां येत नाहीं. हातांत एकदांच येणाऱ्या ह्या रकमेकडे घरच्यांनीं ट्रॅक्टरचा हप्ता किंवा बहिणीच्या लग्नाचा खर्च म्हणून पाहूं नये. तिच्यांतून आधीं जागा व जोतें व्हावें.

गांवठाणालगतच्या आमच्या त्या पट्टीची मोजणी आम्हीं मागितली आहे. नाईकास तसें कळविलें. तो म्हणाला कीं मुलांची परीक्षा होऊं द्या, मग पाहूं.