पाटीआधी सूप

मे महिना होता. पहिलीच्या पटनोंदणीसाठी आम्ही शिक्षक घरोघर फिरत होतो. गावातल्या निम्म्या घरांना कुलूप, कारण माणसं पहाटेच तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेलेली. एका घराच्या छपरीत आजी तांदूळ निवडत बसली होती आणि पुढ्यात चार वर्षांची नात. आजी सूप पाखडून नातीपुढे सरकवायची. नात एकेक खडा चिमटीत धरायची, उजेडाकडे नेऊन बघायची आणि बाजूला टाकायची. एकदा तिने तांदळाची कणीच खडा समजून टाकली. आजीने ती उचलून तिच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "दाबून पाय." नातीने नखाने दाबली, कणी मोडली. दोघी हसल्या.

मी नाव, जन्मतारीख लिहून घेतली आणि सवयीने विचारलं, "घरी काही शिकवता का हिला?" आजी एकदम ओशाळली. "मले तं सही बी नाई करता येत, मॅडम. मी का सिकवू हिले?"

हे उत्तर मी गोंदिया जिल्ह्यात नोकरीची सगळी वर्षं ऐकत आले आहे. तिरोड्यात ऐकलं, देवरीत ऐकलं, गोंदिया शहरातल्या राईस मिलमध्ये पोती वाहणाऱ्या बापाकडूनही ऐकलं. म्हणून आज सगळ्या आयांना, बाबांना आणि विशेषतः आजीआजोबांना माझी हात जोडून विनंती आहे, हे वाक्य पुन्हा म्हणू नका. ती आजी नातीला शिकवतच होती. नीट बघायचं, वेगळं करायचं, शंका आली तर तपासायचं, हे सगळं त्या सुपात होतं. पुढे 'प' आणि 'ष' यांतला फरक ओळखायला हीच नजर लागते आणि पेन्सिल धरायला हीच चिमूट.

तीन वर्षांच्या लेकराच्या हातात पेन्सिल कोंबायची घाई का होते, ते मला कळतं. शेजारचं पोरगं व्हॅनमध्ये बसून कॉन्व्हेंटला जातं, वही भरून एबीसीडी लिहून आणतं, मग आपलं मागे पडेल अशी भीती वाटते. मीही तेच केलं. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा असताना रोज संध्याकाळी त्याचा हात धरून 'अ' गिरवून घेत असे. महिन्याभरात तो पाटी दिसली की पलंगाखाली जाऊन बसायला लागला. मी स्वतः शिक्षिका, आणि माझ्याच घरात असं झालं. त्या वयात बोटांचे बारीक स्नायू अजून तयार व्हायचे असतात. लिहायला लावलं की हात दुखतो, आणि का दुखतो ते लेकराला सांगता येत नाही. ते फक्त रडतं, आणि आपण म्हणतो, अभ्यासाचा कंटाळा करतं.

बोटं तयार होतात ती वाटाण्याच्या शेंगा सोलताना, लसूण निवडताना, कणकेचा गोळा मळताना, फुलं ओवताना. तान्हा पोळा येईल तेव्हा बाजारातून लाकडी नंदी आणाच, पण त्याच्या आधी बोडीकाठची माती आणून लेकराला स्वतःच्या हाताने एक बैल करू द्या. शिंगं वाकडी होतील, पाय मोडतील, होऊ द्या. किती पाय लावायचे, कोणतं शिंग मोठं झालं, शेपटी कुठे लावू, हे सगळं ते करता करता बोलेल. त्याला बोलू द्या.

हे बोलणंच सगळ्यांत महत्त्वाचं आहे, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते. पहिलीत येणारी काही मुलं विचारलेल्या प्रश्नाला नुसती मान हलवतात. घरी त्यांच्याशी आपण काय बोलतो? ये, जा, जेव, झोप, ओरडू नको. हुकूमच जास्त. त्याऐवजी बांधीवर जाताना दोन सारस दिसले तर थांबा. आपल्या जिल्ह्यातल्या लेकरांचं हे भाग्य आहे, महाराष्ट्रात इतरत्र हा पक्षी फार कमी दिसतो. विचारा, तुझ्यापेक्षा उंच आहे का? बाबापेक्षा? दोघंच का आहेत? घरटं पाण्यात बांधलं तर अंडी भिजत नसतील का? उत्तर चुकलं तरी चालेल. तुम्हालाही माहीत नसेल तर "मलाही नाही माहीत, बघू या" म्हणा. संध्याकाळी बाबा घरी आले की "आज काय शिकला?" असं विचारू नका, लेकरू गप्प बसतं. "आज काय पाहिलं?" असं विचारा.

आणि बोला ते आपल्या घरच्या बोलीत. पोवारी असो, गोंडी असो, झाडीबोली असो की हिंदी. पुष्कळ शिकलेले आईबाप लेकरांशी तोडकी इंग्रजी नाहीतर पुस्तकी मराठी बोलतात, आजीला म्हणतात, याच्यापुढे आपली भाषा बोलू नको. नोकरीच्या सुरुवातीला सालेकसा तालुक्यातल्या शाळेत एक मुलगा माझ्याजवळ येऊन "येर, येर" म्हणत राहिला. मला वाटलं, 'ये' म्हणतोय. मी त्याला जागेवर बसवलं. मग थोरल्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, त्याला पाणी पाहिजे." गोंडीत पाण्याला येर म्हणतात. तहानलेल्या लेकराला मी जागेवर बसवलं होतं. यात उणं माझं होतं, त्याच्या भाषेचं नव्हतं. घरच्या बोलीत ज्या लेकराजवळ पुष्कळ शब्द असतात, गोष्ट सांगता येते, ते शाळेची मराठी लवकर उचलतं. आजीने सांगितलेली वाघाची गोष्ट, भुलाबाईची गाणी, शेजारच्या काकूची कोडी, कुठल्याही बोलीतली असू द्या, ती थांबवू नका.

मोजण्याचंही तेच. काही लेकरं पाहुण्यांपुढे एक ते शंभर घडाघडा म्हणतात आणि चार मिरच्या आण म्हटलं की मूठभर घेऊन येतात. आपले वीसच्या पुढचे आकडे मोठ्या मुलांनाही जड जातात. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन दिलं तेव्हा राज्यभर वाद झाला, तो याच अडचणीपायी. मग चार वर्षांच्या मुलाला शंभराची काय घाई? दहापर्यंत पुरे, पण हाताने. घरात माणसं किती, तितकी ताटं मांड. एक पाहुणा आला, आता किती? तेंदूपत्त्याचे पुडके बांधणारी माय किती पानं झाली ते बोटांच्या अंदाजाने सांगते. तिने लेकराला दहा पानं मोजायला शेजारी बसवलं तर तिच्याहून चांगली गुरू कुठे मिळणार आहे?

हे काही मी नवं सांगत नाही. बालशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला आणि पुढे 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर हेच केलं. आदिवासी पाड्यातली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. महागडी साधनं परवडत नव्हती, म्हणून दगड, पानं, बिया, शंख-शिंपले घेऊन मुलं शिकली. अंगणवाडी हा शब्द तिथला. 2 ऑक्टोबर 1975 ला सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तो शब्द गावोगाव पोचला.

आज आपल्याकडे अंगणवाडीला "खिचडी खायला जाते" असं म्हणतात. कृपा करून असं म्हणू नका. खिचडी हवीच, उपाशी लेकरू शिकत नाही. पण तिथे गाणी, गोष्टी, खेळ, रंग हेही आहे, तीन ते सहा वर्षांच्या लेकरासाठी, फुकट. लेकराला रोज पाठवा. आठवड्यातून एकदा मॅडमना विचारा, या आठवड्यात कोणतं गाणं घेतलं, आणि ते घरी म्हणा. अंगणवाडीत मुलांना तपासायला डॉक्टर येतात त्या दिवशी घरी ठेवू नका. तीन वर्षांचं होऊनही लेकरू दोन शब्द जोडून बोलत नसेल, मागून हाक मारली तर वळत नसेल, तर "बाप पण उशिरा बोलला होता" म्हणून थांबू नका, त्या डॉक्टरांना दाखवा.

रोवणी तोंडावर आली आहे. बांधीत वाकून दिवस गेल्यावर संध्याकाळी अंगात त्राण उरत नाही, हे मी पाहिलं आहे, माझी आईही रोवणीला जायची. त्या वेळी लेकरू रडू नये म्हणून मोबाइल हातात दिला जातो. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात तासाभरापेक्षा जास्त पडदा नको, कमी असेल तितकं बरं, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं आहे. दोन वर्षांच्या आत तर नकोच. मोबाइल बडबड करतो, पण लेकराने काही विचारलं तर उत्तर देत नाही. तुम्ही अंथरुणावर पडल्या पडल्या दिलेलं एक "हो का? मग?" त्याहून मोलाचं आहे. आणि एक कळकळीचं सांगणं, धाकट्याला सांभाळायला म्हणून थोरल्या बहिणीला शाळेतून घरी ठेवू नका. धाकट्याला अंगणवाडीत सोडा, थोरलीला शाळेत जाऊ द्या.

लिहायचंच असेल त्याच्या मनात, तर लिहू द्या. अंगणात काडीने, भिंतीवर कोळशाने, ओल्या बोटाने फरशीवर. आधी त्याचं स्वतःचं नाव काढून दाखवा. तुम्हाला लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या कोणाकडून भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरात लिहून घ्या, लेकराच्या डोळ्यांच्या उंचीवर. मग बिस्किटाच्या पुड्यावर, कॅलेंडरवर, बसच्या पाटीवर आपलं अक्षर दिसलं की ते स्वतः ओरडून सांगेल.

त्या आजीची नात जूनमध्ये आमच्या अंगणवाडीत आली. पहिल्याच दिवशी चिंचोके आणि सागरगोटे एकत्र झालेली टोपली तिच्यापुढे आली. कोणी काही सांगायच्या आत तिने फतकल मारली आणि चिंचोके डावीकडे, सागरगोटे उजवीकडे टाकायला लागली.