डॉग, रॅबिट आणि वीझल

मंडळी, ऑफिसातली लाइट गेली की आपल्याला कोण आनंद होतो! यूपीएस कुंई कुंई करायला लागला की अर्धा फ्लोअर चहाच्या टपरीवर हजर. आमच्या नागभीडकडे उलटं. तिथे लाइट येण्याचं टेन्शन असतं. कसं, ते सांगतो.

माझी नोकरी ऐकायला बोअरच आहे. वीज वितरण कंपन्यांना प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर निवडायला मदत करायची. उद्या अमुक गावात शंभर पंप वाढले तर कुठली तार तापेल, कुठे व्होल्टेज पडेल, नवं सबस्टेशन लागेल की नुसती तार बदलून भागेल, हे खांब रोवायच्या आधी कॉम्प्युटरवर बघता येतं. बाजारात साइम आहे, सिनर्जी आहे, ईटॅप आहे. अमेरिकेतल्या एप्री या संस्थेचं ओपनडीएसएस तर 2008 पासून चक्क फुकट मिळतं.

डेमोत सगळीच सॉफ्टवेअर्स लग्नाच्या फोटोसारखी दिसतात. हिरव्या लाइनी, लाल लाइनी, टाय घातलेला सेल्सवाला आणि काजूची प्लेट. मी एकच म्हणतो, बॉस, आमचा डेटा घालून दाखवा. मग काजू खायचा आवाजसुद्धा ऐकू येतो.

कारण डेटा म्हणजे काय? कुठल्या खांबावर कुठली तार आहे, ते. गंमत म्हणजे या तारांना प्राण्यांची नावं आहेत, साहेबाच्या जमान्यापासून. अकरा हजार व्होल्टच्या लाइनवर वीझल, रॅबिट आणि डॉग. तार जाड होते तसा प्राणी मोठा होतो. टॉवरवर पोचलात की पँथर, झेब्रा आणि मूस. जंगलातच राहणाऱ्या आम्हा लोकांना हे एकदम घरचं वाटतं! पण वीझलचा रोध डॉगच्या तिपटीहून जास्त. नकाशात डॉग लिहिलाय आणि खांबावर वीझल लटकतेय, तर सॉफ्टवेअर शेवटच्या पंपाला झकास व्होल्टेज दाखवणार आणि शेतात मोटर जळणार. सॉफ्टवेअर तीन कोटींचं असो नाहीतर फुकटातलं.

हे नकाशे मोठ्या शहरांचे आधी झाले. 2008 साली केंद्राने आर-एपीडीआरपी ही योजना आणली. त्यात जीआयएसवर लाइनी चढवायच्या, कुठला ग्राहक कुठल्या ट्रान्सफॉर्मरवर ते नोंदवायचं, असं सगळं होतं. अट एकच, आपल्यासारख्या राज्यात शहराची लोकसंख्या 30,000 च्या वर हवी. नागभीड त्यात कुठून बसणार? आम्ही जंक्शन आहोत, तालुका आहोत, पण तेवढी माणसं आणायची कुठून!

दुसरा घोळ सवयीचा. शहरातलं प्लॅनिंग या भरवशावर चालतं की सगळे गिझर एकाच वेळी लागत नाहीत. धानाच्या शेतात ते चालत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात धान निसवायला लागतं, नेमका तेव्हाच पाऊस दडी मारतो आणि सगळ्यांना एकदम पाणी हवं असतं. त्यात प्रत्येकाच्या स्टार्टरला ऑटो स्विच. लाइट आली रे आली, की डीपीवरच्या सगळ्या मोटरा एका क्षणात सुरू. पाच हॉर्सपॉवरची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. डीपी बिचारी उडते. शेतकऱ्याला शिव्या देऊन उपयोग नाही हो, रात्री दोन वाजता बटण दाबायला बांधावर कोण जाणार?

जाणार नाही, कारण तिथे वाघ आहे. ही कवितेतली उपमा नाही. घोडाझरी अभयारण्य 2018 साली झालं, वाघ त्याच्या आधीपासून होते. जिथे शेतीच्या विजेला अजून रात्रपाळी आहे, तिथे माणूस टॉर्च घेऊन धानात उतरतो. आणि रानडुकरांसाठी कुणी लाइनवर आकडा टाकून कुंपणात करंट सोडला, की मरतो तो वाघ. प्रसिद्ध 'जय'चा बछडा श्रीनिवास 2017 साली नागभीडच्याच परिसरात असा गेला.

म्हणून माझ्या मार्कांच्या तक्त्यात सगळ्यात जास्त मार्क एका प्रश्नाला असतात. हे सॉफ्टवेअर तासातासाचा हिशेब करतं का? नुसता वर्षातला सर्वांत मोठा लोड बघणारं मला नको. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 साली सुरू झाली, 2023 ला तिचा दुसरा टप्पा आला. सबस्टेशनजवळ सोलर प्लांट उभारायचे आणि शेतीला दिवसा वीज द्यायची. दुपारी ऊन कडक आणि पंप बंद, तेव्हा ती वीज उलटी वाहते. पंप चालू आणि वर ढग, तेव्हा काय? हे ज्याला मोजता येत नाही, त्याला रात्रपाळी कशी बंद करायची ते सांगता येणार नाही.

मागे एका कंपनीत (नाव सोडा) निवड अगदी शेवटाला आली होती. नव्या सबस्टेशनची गरज नाही, असं स्क्रीन सांगत होता. साहेब लोक खूश. मी हट्टाने त्या भागातल्या लाइनमनला बोलावलं होतं. तो बराच वेळ उभा राहून बघत होता. मग स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला, "सायेब, हा डॉग नाही जी. नाल्याच्या पल्याड वीझल हाये. वादळात तुटली तवा मीच जोडली."

तार बदलून आकडे पुन्हा टाकले. नाल्यापलीकडची सगळी गावं लाल झाली.

आम्ही शेवटी जे सॉफ्टवेअर घेतलं, ते डेमोत तिसरं आलं होतं. दिसायला साधं. पण लाइनमनच्या मोबाइलवर, रेंज नसतानाही, खांबाचा फोटो आणि तारेचं नाव भरता येत होतं. पहिले सहा महिने त्यातून एकही प्लॅन काढायचा नाही, फक्त खांब मोजायचे, असं लिहून घेतलं. वरच्या साहेबांचा दर आठवड्याला फोन येतो, रिपोर्ट कधी? इकडे आतापर्यंत दोन फीडर झालेत. नाल्यापलीकडचा त्यातला पहिला.