कोठार आपले, माप आपले

बाजारातून आणलेला व्होल्टमीटर पोटेन्शिओमीटरच्या साहाय्याने तपासून पाहणे, हा महाविद्यालयातील एक नेहमीचा प्रयोग आहे. व्होल्टमीटर बनवणाऱ्यावर अविश्वास दाखवावा म्हणून काही तो करायचा नसतो. मापनाची जबाबदारी शेवटी मोजणाऱ्याची असते, एवढेच त्यातून शिकायचे. पण संगणक-कक्षात शिरताना ही शिस्त आपण चपलांबरोबर दाराबाहेर ठेवतो. दूरच्या कोठारातून तयार आज्ञावली उतरवून घेतली आणि ती चालली, की काम झाले! माझे स्पष्ट मत असे आहे, की ज्या शाळेत वा महाविद्यालयात संगणक-कक्ष आहे, तेथील विद्यार्थ्यांनी असे एक कोठार मूळ सोर्स कोडपासून स्वतः घडवावे आणि वर्षभर चालवून पाहावे.

आता हे कोठार कसले, ते पाहू. एखादी आज्ञावली एका संगणकावर चालते आणि शेजारच्या संगणकावर चालत नाही, हा अनुभव तुम्हांला असेलच. तिला लागणाऱ्या इतर फायली तेथे नसतात, हे याचे नेहमीचे कारण. यावर उपाय म्हणून आज्ञावली आणि तिचे सारे साहित्य एकत्र बांधून ठेवतात. या गाठोड्याला कंटेनर इमेज म्हणतात. २०१३ साली पुढे आलेल्या डॉकर या साधनामुळे ही पद्धत जगभर रूढ झाली. अशा इमेजेस जेथे ठेवतात आणि जेथून त्या मागवतात, ते कोठार म्हणजे रजिस्ट्री.

इमेज ही तीन-चार पुडांच्या जेवणाच्या डब्यासारखी असते. एकावर एक असे तिचे थर असतात. दोन इमेजेसचा तळाचा थर एकच असेल, तर कोठारात तो एकदाच साठवला जातो. कोणत्या इमेजमध्ये कोणते थर आहेत, ते मॅनिफेस्ट नावाच्या छोट्या यादीत लिहिलेले असते. संगणक आधी ही यादी मागतो आणि मग आपल्याजवळ नसलेले थर तेवढे मागवतो.

यादीत प्रत्येक थराची ओळख कशी लिहिलेली असते, हा यातला खरा गाभा आहे. थरातील सर्व बाइट एसएचए-२५६ या गणिती रीतीतून नेले, की २५६ बिटांची एक संख्या मिळते. हा त्या थराचा जणू अंगठ्याचा ठसा होय. मूळ फायलीत एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी ठसा पार बदलून जातो. असे ठसे किती संभवतात? २ चा २५६ वा घात, म्हणजे १ वर ७७ शून्ये देऊन होणाऱ्या संख्येपेक्षाही थोडे अधिक! म्हणून दोन वेगळ्या थरांचा ठसा योगायोगाने एकच निघेल, ही भीती व्यवहारात बाळगण्याचे कारण नाही.

इमेजला एक सोपे नावही असते. त्यावर ‘लेटेस्ट’ अशासारखी चिठ्ठी चिकटवतात. परंतु चिठ्ठी उचलून दुसऱ्या डब्यावर लावता येते. आज ‘लेटेस्ट’ म्हणून जे मिळाले, तेच उद्या मिळेल याची हमी नाही. ठसा मात्र वस्तूतूनच निघतो. ज्याला नाव आणि माप यांतला हा फरक कळला, त्याला विज्ञानातली एक मोठी गोष्ट कळली, असे मी म्हणेन.

कोठार घडवण्याचे काम वाटते तितके अवघड नाही. ‘डिस्ट्रिब्यूशन’ या रजिस्ट्रीचा सोर्स कोड सर्वांना खुला आहे. तो गो या भाषेत लिहिलेला आहे. गो भाषेचा कंपायलर बसवावा, सोर्स कोड उतरवून घ्यावा आणि बांधणीची आज्ञा द्यावी, की चालवण्याजोगी एक फाईल तयार होते. माल कोणत्या फोल्डरमध्ये साठवायचा आणि कोणत्या पोर्टवर उत्तर द्यायचे, हे एका छोट्या मजकूर-फायलीत लिहून द्यायचे. यासाठी ५००० हा पोर्ट सर्रास वापरतात. कोठार सुरू झाले, की आपण पाठवलेले थर त्या फोल्डरमध्ये आपापल्या ठशाच्या नावाने ओळीने मांडलेले दिसतात. पडद्याआडची यंत्रणा अशी उघडी पाहायला मिळणे, हाच या खटाटोपाचा पहिला लाभ.

दुसरा लाभ रोकडा आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये डॉकर हब या मोठ्या सार्वजनिक कोठाराने विनाखाते मागणी करणाऱ्यांवर सहा तासांत १०० मागण्यांची मर्यादा घातली. ही मोजणी इंटरनेटवरील पत्त्यानुसार होत असे. ४० संगणक एकाच पत्त्याआडून प्रत्येकी तीन इमेजेस मागू लागले, तर १२० मागण्या होतात आणि तास अर्ध्यावर थांबतो. शिवाय १५० मेगाबाइटची एक इमेज ४० वेळा आणली, तर ६००० मेगाबाइटची वाहतूक होते. हीच रजिस्ट्री मधला साठा म्हणून चालवली, तर बाहेरून १५० मेगाबाइट एकदाच आणावे लागतात.

काही शिक्षक म्हणतील, “तयार मिळते ते पुन्हा घडवण्यात वेळ का घालवावा?” तसे पाहिले तर लंबकाचा प्रयोगही कशाला करावा? g चे मूल्य पुस्तकात छापलेलेच आहे. अर्थात, कोठार चालवणे हे कष्टाचे काम आहे, हे मी नाकारत नाही. डिस्क भरत जाते. यादी पुसली तरी थर जागचे हलत नाहीत. त्यासाठी माल आत घेणे थांबवून निराळी साफसफाई करावी लागते. इतर संगणकांशी सुरक्षित बोलण्यास प्रमाणपत्र लागते, पासवर्ड लागतो, साठ्याची दुसरी प्रत लागते. पण देखभाल हे तंत्रज्ञानाचे निम्मे अंग आहे आणि आपल्या अभ्यासक्रमात त्याला फारसे स्थान नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. सोर्स कोड वाचला, तरी त्यापासून यंत्राची फाईल बनवणारा कंपायलरच लबाड असेल तर? हा प्रश्न केन थॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात मांडला. ते व्याख्यान १९८४ साली प्रसिद्ध झाले. पुढे गो भाषा रचणाऱ्या तिघांत हेच थॉम्प्सन होते! म्हणून स्वतः बांधणी केली की शंकेला जागाच उरली नाही, असे कोणी समजू नये. परंतु भौतिकशास्त्रात तरी पूर्ण खात्री कोठे असते? मापनातील त्रुटी आपण शून्य करू शकत नाही. ती कोठे आहे आणि किती आहे, हे जाणून ती कमी करत जातो. येथेही तेच करायचे आहे.

तर मित्रहो, आपल्या कोठाराचा पहिला प्रयोग हा करा. एक इमेज त्यात ठेवा. मग साठवलेल्या एका थरातील एकच बाइट मुद्दाम बदला आणि ती इमेज पूर्वी कधीही न घेतलेल्या संगणकावरून मागवा. नाव तेच, चिठ्ठी तीच. तरीही तो संगणक ती घ्यायला नकार देईल. त्याने नकार का दिला, हे पुस्तक न उघडता शेजारच्या मित्राला समजावून सांगा. ते सांगता आले, की कोठार खऱ्या अर्थाने तुमचे झाले.